नैनाच्या बाबांचा विनय

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या यतीन देवस्थळीने कधी बॅट हातात धरली असेल तर ती साताऱ्याच्या कॉलनीत, आणि तिथेही त्याला शेवटचा गडी म्हणूनच घेत. पण मुलगी नैना सॉफ्टबॉलच्या, म्हणजे बेसबॉलच्या मोठ्या चेंडूच्या भावंडाच्या, नादी लागली आणि हा गृहस्थ तिच्याहून जास्त लागला. ऑफिसातून आला की शर्टसुद्धा न बदलता गराजसमोर बादली उपडी घालून तिच्यावर बसायचा आणि नैनाने पिचिंग म्हणून हात खालून गर्रकन फिरवून टाकलेले बॉल झेलायचा. झेलायचा म्हणजे निम्मे ग्लव्जमध्ये, निम्मे नडग्यांवर. बायको शरयू बर्फाची पिशवी घेऊन दारात उभी असे. "मुलगी पिचर होणार आणि नवरा लंगडा," असं तिचं भाकीत होतं. यतीनला त्याचं काही नसे. पोरीच्या हातात काहीतरी आहे, हे त्याच्या नडग्यांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

नैना बारा वर्षांची झाली त्या वसंतात नवी टीम मिळाली आणि केली नावाची नवी कोच. केलीची पद्धत अशी, की सीझनच्या आधी प्रत्येक मुलीला पालकांसकट मैदानाकडेच्या बाकावर बसवायचं आणि विचारायचं, यंदा काय साधायचंय? स्वप्नं नकोत, जमेल असं सांगा. नैनाने उत्तर घरीच ठरवलं होतं: प्रत्येक मॅचमध्ये नाही, पण मधूनमधून एखादी इनिंग, म्हणजे समोरच्या तिघी बाद होईपर्यंत, पिचिंग. इतकं शहाणपणाचं ध्येय मोठ्यांनाही सुचत नाही. पण केलीने आधी बाबांना विचारलं, आणि तिथेच सगळं मुसळ केरात गेलं.

"नैना यंदा कुठवर जाईल असं तुम्हाला वाटतं?" एवढाच प्रश्न. त्यात अवघड काय होतं? पण आपल्या माणसाची जीभ परक्यासमोर पोराचं कौतुक करायला वळतच नाही. एक तर दृष्ट लागायची भीती, आणि पोर डोक्यावर बसेल ही काळजी वेगळीच. यतीन बोर्डात आला तेव्हा पेढे खायला जमलेल्या शेजाऱ्यांना त्याचे वडील म्हणाले होते, "मार्क पडलेत खरे, आता अक्कल कधी पडते बघू." शेजारी हसले, यतीनही हसला. वडिलांना आभाळ ठेंगणं झालंय हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. बोलणाऱ्याने उलटं बोलायचं आणि ऐकणाऱ्याने सुलटं ऐकायचं, असा तो रिवाज.

तेव्हा केलीसमोरही यतीन संकोचून हसला आणि आपल्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाला, "साधारणच आहे हो. जरा आळशीही आहे. पिचिंगचं वेड आहे, पण ते काही तिच्या आवाक्यातलं नाही. बाकावर बसून राहिली नाही म्हणजे मिळवली." एवढं बोलून तो थांबला. आता समोरच्याने "छे छे, काहीतरीच काय!" म्हणायची पाळी होती.

केली तसं काही म्हणाली नाही. तिने मान डोलावली आणि इतकं प्रामाणिक उत्तर पालक सहसा देत नाहीत म्हणून चक्क आभार मानले. मग ती नैनाकडे वळली. नैना ग्लव्जची दोरी सोडत बसली होती. "राइट फील्ड इज फाइन," ती म्हणाली. राइट फील्ड म्हणजे मैदानाचा तो कोपरा, जिथे या वयाच्या मुलींच्या खेळात बॉल चुकूनच जातो.

घरी आल्यावर यतीनने बादली काढली. "होमवर्क आहे, बाबा," नैना म्हणाली. दुसऱ्या दिवशीही होमवर्क होता, आणि पुढेही रोज होताच. पोर रडली असती, आदळआपट केली असती, तर यतीनला काहीतरी करता आलं असतं. ती नीट जेवत होती, शाळेतल्या गमती सांगत होती.

शनिवारी मॅच असे. यतीन घडीची खुर्ची मांडून बसायचा आणि लांब कोपऱ्यात गुडघ्यांवर हात ठेवून उभ्या असलेल्या मुलीकडे बघायचा. वाईट वाटायला हवं, हे त्याला कळत होतं. पण आत काही हलतच नव्हतं. डेंटिस्टने इंजेक्शन दिल्यावर गाल असतो आणि नसतो, तसं झालं होतं.

"तू त्या बाईंसमोर काय बोललास?" शरयूने एकदा विचारलं. त्याने सांगितलं. तिने हातातल्या कपड्याची घडी घातली. "अरे, नैना इथे वाढलीय," ती म्हणाली. "आपण बोलतो ते तिला तसंच्या तसं ऐकू येतं. जाऊन सांग तिला."

"सांगतो," यतीन म्हणाला, आणि गेला तो कोचकडे. मुलीपेक्षा परकी बाई सोपी वाटली त्याला! आमच्यात असं बोलायची पद्धत आहे, विनय म्हणून, वगैरे त्याने समजावलं. केलीने शांतपणे ऐकून घेतलं. ध्येय नैनाचं आहे, ते तिनेच बदलायला हवं, असं ती म्हणाली. तरी सीझनच्या शेवटच्या मॅचची शेवटची इनिंग तिने नैनाला दिली.

नैनाने छान टाकली. बॉल बाहेर गेल्यामुळे पहिल्या मुलीला फुकट बेस मिळाला, पण पुढच्या तिघी बाद केल्या. शेवटची तर बॅट फिरवून नुसती बघत राहिली. टीममधल्या पोरींनी नैनाला मिठ्या मारल्या. यतीनने टाळ्या वाजवल्या, इतर पालक वाजवत होते तितक्याच.

गाडीत बसल्यावर मात्र त्याने जन्मात पहिल्यांदा मुलीचं तोंडावर कौतुक केलं. "फार सुंदर टाकलेस बॉल, नैना. यू आर अ रिअल पिचर. मी कोचना तेव्हा जे सांगितलं ना, ते खोटं होतं."

नैना मागच्या सीटवर बूट काढत होती. "यू डोन्ट हॅव टू डू धिस, बाबा." तिच्या आवाजात राग नव्हता. "फर्स्ट आय वॉज सो मॅड. पण बाकी सगळ्यांचे आईबाबा म्हणतात, यू आर अमेझिंग. तू एकटाच खरं बोललास. इट हेल्प्ड मी, ॲक्चुअली."

"अगं, पण ते खरं नव्हतं."

"ओके," ती म्हणाली, लहान मुलाची समजूत काढावी तशी. "एनीवे, नेक्स्ट सीझनला मी नाही खेळणार. एक इनिंग टाकायची होती, टाकली. केलीला सांगितलंय मी."

नको सोडूस, हे शब्द यतीनच्या ओठांवर आले. पण आता ते कुठल्या तोंडाने बोलायचे, आणि बोलले तरी तिने ते खरे का धरायचे? काहीतरी दाटून येईल म्हणून त्याने वाट पाहिली. काही आलं नाही. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला तेव्हा सिग्नल हिरवा झाल्याचं त्याच्या लक्षात आलं.

"बरं," तो म्हणाला.