बर्फातले काळे शिखर

“वर दिसते ती नुसती साय हो, जमीन खाली असते,” असे म्हणून ते तळहात भुईवर पालथा ठेवीत. कोणी शेत दाखवो की देवळाचे जोते, हात आधी खाली जाई. असा मनुष्य आपणही कधी पाहिला असेल. कल्याणातल्या आमच्या आळीत त्यांना ‘बर्फोबा’ म्हणत.

रेल्वेच्या एका गोऱ्या इंजिनेराकडे ते नकाशे काढीत. तो विलायतेस परतताना त्यांना घेऊन गेला आणि दगडधोंड्यांच्या नादाने एका उन्हाळ्यात त्यांच्यासह थेट उत्तरेच्या हिमभूमीत पोहोचला. इकडे यांची आई वारली. हे परतले तेव्हा तिचे वर्षश्राद्ध जवळ आले होते.

एकदा ते आणि मी ठाण्याच्या मिठागरावरून चाललो होतो. वाळल्या चिखलावर भेगांची जाळी पडली होती. ते मटकन खाली बसले.

“शास्त्रीबुवा, तिथली भुई अशीच! पण एकेक खण अंगणाएवढा, आणि कडेने गोटे मांडलेले.”

“कोणी मांडले?”

“थंडीने. तिथे माणूसच नव्हते.”

मग पोटात बर्फ धरून हळूहळू फुगणाऱ्या टेकडीचे वर्णन सुरू झाले. मिठागरातला आगरी खो-खो हसला. “दादा, टेकरी काय गाभन हाय का?”

“तसेच समज बाबा,” म्हणत तेही हसले. त्यांच्याशी इतके बोलणारेही थोडेच होते.

समुद्रगमनाचे प्रायश्चित्त त्यांनी श्रद्धेने घेतले. क्षौर केले, पंचगव्य प्राशिले, उल्हास नदीत स्नान केले. तरी ब्रह्मवृंदाच्या सभेत एका वृद्धाने हटकले, “सूर्य मावळतच नाही, तिथे सायंसंध्या केव्हा केलीत?”

“बर्फाच्या पठारातून एक काळे शिखर वर आले होते. सूर्य फिरत त्याच्यामागे जाई, आमच्या तंबूवर सावली पडे. तीच सायंकाळ मानून अर्घ्य देत असे.”

“मग आषाढात ढगाआड गेला, की आम्हीही भरदुपारी उरकावी काय?”

सभा हसली. अशा गोष्टींनी पोरांची श्रद्धा ढळेल, असे सर्वांचे मत पडले. ते सारे कल्पित होते असे यांनी सभेत म्हणावे. तरच श्राद्धाला ब्राह्मण येतील.

त्यांचा हात भुईवर गेला. “आईच्या श्राद्धासाठी खोटे बोलू? त्या शिखरापुढे उभा राहून मी रोज तिच्यासाठी आयुष्य मागितले आहे.”

श्राद्धानंतर ते आळीत फार दिवस राहिले नाहीत. कुठे गेले, कोणी विचारलेही नाही. मला आठवतो तो श्राद्धाचाच दिवस.

प्रायश्चित्त मीच सांगितले होते. त्यानंतर त्यांच्या अन्नात मला दोष दिसेना. म्हणून मी गेलो. दुसरे कोणी आले नव्हते. देवांच्या पाटावर मी बसलो. आईच्या पाटावर, ब्राह्मणाच्या अभावी, शास्त्राप्रमाणे दर्भाची मूठ. स्वयंपाक त्यांनी स्वतः केला होता. दोन्ही पानांवर ते सारख्याच आग्रहाने वाढीत होते.

शेवटी तृप्ती विचारायची असते. मला त्यांनी संस्कृतात विचारले. मग दुसऱ्या पाटासमोर वाकले आणि मंत्र सोडून म्हणाले, “आई, पोट भरले का गं?”

दर्भ बसविलेल्या पाटाचे उत्तर श्राद्धकर्त्यानेच द्यायचे असते. पण ते तसेच वाकून उभे राहिले.

मी माझ्या पाटावरून म्हणालो, “भरले, बाळ.”