देवाची पाठ कोण घासतं

“नाणं आत्ता खोदकामात निघालंय की नाही, एवढंच सांगा,” नायब तहसीलदार म्हणाले.

मी पुरातत्त्व खात्यात जुनी नाणी ओळखायचो. बहात्तरचा दुष्काळ होता. नेवासा तालुक्यात पाझर तलावाचं काम चालू होतं. तिथल्या मुकादमाला हौसाबाई नावाच्या मजूर बाईंच्या गाठोड्यात एक नाणं दिसलं. खोदताना सापडलेलं धन सरकारात जमा करावं लागतं. ते लपवलं म्हणून त्यांचं नाव हजेरीपटावरून काढलं होतं. त्या वर्षी काम गेलं म्हणजे चूल बंद.

“सासूच्या देव्हाऱ्यातला गणपती हाय त्यो,” हौसाबाई दाराशी उभ्या राहून म्हणाल्या. “समदी मान्सं कामावर आली. मंग देव एकलाच घरी कसा ठिवायचा?”

नाण्याची एक बाजू गुळगुळीत होती. सोंडेची रेघ तेवढी दिसत होती. दुसऱ्या बाजूवर मळाचा थर होता.

“चिंच मागवू का? घासलं की लख्ख होईल,” नायब तहसीलदार म्हणाले.

“मुळीच नको, रावसाहेब.”

भिंग लावलं. मळाखाली फुली होती, तिच्या चारही टोकांना गोल. म्हणजे सातवाहनांचं नाणं, आणि सोंड हत्तीची. ओळख पाच मिनिटांत पटली, पण ती तिथे कुणाला हवी होती? मी झीज बघत बसलो. बाजारात फिरलेलं नाणं दोन्ही अंगांनी झिजतं. हे एकाच अंगानं झिजलं होतं. जमिनीतल्या तांब्यावर असतो तो हिरवा गंज कुठेच नव्हता. मागच्या खाचेत टाचणी घातली तर हळद निघाली.

“हळद काल लावली असेल तर?” रावसाहेब म्हणाले. शंका रास्त होती.

“बाई, पूजा कशी करता?”

“रोज अंगठ्यानं हळद-कुंकू. दसऱ्याला चिंचेनं घासतो. औंदा पानीच न्हाई, तसाच ऱ्हायला.”

“आणि मागची बाजू?”

“देवाची पाठ कोन घासतं, सायब?”

मी रावसाहेबांना म्हणालो, “हळद काल लावता येते. अशी झीज व्हायला दोन-तीन सासवा लागतात.”

ते हसले नाहीत, पण हजेरीपट मागवून त्यांनी नाव पुन्हा चढवलं. मला फार बरं वाटलं. नाणं परत देताना मी म्हणालो, “हा गणपती नाही बाई, राजाचा हत्ती आहे. दोन हजार वर्षांचा.”

“असंल,” हौसाबाई म्हणाल्या. “सोंड हाय न्हवं?” नाणं कपाळाला लावून त्या कामावर गेल्या.

पुढे हाताखाली नवी माणसं आली, त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगायचो: नाणं आधी घासू नका. आधी ते कोण घासत होतं, ते विचारा.