ज्याच्या त्याच्या नावाचा गिलास

प्राचार्यांनी भर सभागृहात माझ्या कॅन्टीनमागचा ढीग पडद्यावर दाखवला, हे मी विसरलेले नाही आणि विसरायचा माझा विचारही नाही. पर्यावरण सप्ताहाचं उद्घाटन होतं. पाहुण्यांना चहा द्यायला मला बोलावलं होतं, म्हणून मी किटली धरून दाराशी उभी होते. पडद्यावर कागदी कपांचा डोंगर आला. वर एक कुत्रं बसलेलं. प्राचार्य म्हणाले, "हा आपल्या परिसरावरचा कलंक." पोरं हसली. माझं नाव कुणी घेतलं नाही, पण ढिगामागं माझी निळी भिंत दिसत होती, आणि तशी निळी भिंत अख्ख्या अंबाजोगाईत दुसरी नाही. कुणीतरी परत केलेला रंग मी घासाघीस करून निम्म्या किमतीत उचलला होता.

घाटनांदूरच्या बाजारात भजी तळण्यापासून कॉलेजच्या फाटकाच्या आत यायला मला अकरा वर्षं लागली. कुणाचा वशिला नाही, कुणाची चिठ्ठी नाही. त्यामुळे तो शब्द मला फार लागला. किटली तिथंच खाली ठेवली आणि निघून आले. पाहुण्यांना चहा कुणी दिला, ते मी आजवर विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. मला वाटलं, शब्द परत घेतील. ते म्हणाले, "मार्चमध्ये बाहेरून तपासणी समिती येणार आहे. कागदी कप महिनाअखेर बंद. समितीच्या दिवशी आवारात एक जरी कप पडलेला दिसला, तर कॅन्टीन फाटकाबाहेर हलवावं लागेल."

फाटकाबाहेर आधीच सहा टपऱ्या होत्या. तिथं सातवी म्हणजे माझी अकरा वर्षं मातीत.

"सर, मी चहा विकते. कप पोरं टाकतात," मी म्हणाले.

"पण देता तुम्हीच ना?"

"मागतात म्हणून देते. एक चहा घेतात आणि दोन खाली कप मागतात. एका चहात तिघं. तुमच्या पोरांना एकेकट्यानं चहा प्यायची सवय लावा, ढीग आपोआप कमी होईल."

"काचेचे गिलास ठेवा."

"धुवायला पाणी कुठलं? उन्हाळ्यात वसतिगृहातल्या पोरी एका बादलीत आंघोळ आणि धुणं दोन्ही उरकतात."

"ते तुम्ही बघा. कप बंद," ते म्हणाले. अधिकार होता, तो त्यांनी वापरला.

कॉलेजात पोरांचं एक पर्यावरण मंडळ होतं. त्याची प्रमुख पाली गावाकडची, एम. ए.ला असलेली एक उंच मुलगी. आवाज असा, की सूचना द्यायला माईक लागायचा नाही. या मंडळानं कपांविरुद्ध पथनाट्य केलं. छान केलं. नाटक संपल्यावर सगळे नट माझ्याकडं आले, चहा प्यायले आणि कप भिंतीमागं टाकून गेले. मी त्या प्रमुख मुलीला हाताला धरून मागं नेलं.

"हे कुणाचे?"

"आमचेच की, मावशी," ती म्हणाली. "सवय हाय. हात आपोआप तिकडंच जातो."

खोटं बोलली नाही, म्हणून मी तिला पुढं आयुष्यभर ओरडायचं नाही असं ठरवलं. ते दोन दिवस टिकलं.

तिनंच मग फर्मान काढलं, ज्यानं त्यानं घरून आपला गिलास आणायचा. पोरं काय काय घेऊन आली. एकानं ताकाचा तांब्या आणला आणि म्हणाला, "मावशी, एक फुल चहा." मी तांब्याच्या बुडाला लागेल एवढा ओतला. तो आत डोकावून बघत राहिला.

"दिसना वो मावशी."

"चष्मा लाव," मी म्हणाले. त्या दिवसापासून मी मापाची पळी बांधून ठेवली, आणि भांडं केवढंही असो, एका चहाला एकच पळी.

पण आठवडाभरात गिलासही पडायला लागले. ग्रंथालयाच्या पायरीवर, सायकलींच्या शेडमध्ये, झाडाच्या आळ्यात. म्हणजे कागदाऐवजी स्टीलचा कचरा. मी चिडून सगळे गोळा करत होते, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. पडलेले गिलास सगळे कोरे. ज्यांच्यावर नाव घातलेलं, त्यातला एकही सापडत नव्हता. आपल्याकडं लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतंच. प्रमुख मुलीच्या गिलासावर तिच्या आत्याचं नाव होतं. मी विचारलं, "तुझा बरा कधी पडत नाही?"

"हा हरवला तर आत्या दिवाळीला घरी यायची न्हाई, आणि आई मला घरात घ्यायची न्हाई."

झालं. मला पाहिजे ते सापडलं होतं.

आठवडी बाजारात भांड्यांवर नावं कोरणारे एक म्हातारे चाचा बसायचे. बारीक घरघरणारं मशीन, नाकावर घसरलेला चष्मा. मी त्यांना म्हणाले, कॉलेजात या, सगळ्या पोरांची नावं घालायची आहेत, भाव सांगा.

"अक्षरावर भाव हाय, बाई."

"अक्षराचा देते. काना, मात्रा, वेलांटी फुकट."

"मात्रा फुकट? मात्रा काय हवेत काढतो का मी?"

"अनुस्वार तर नुसता ठिपका असतो."

"ठिपक्यालाच तर सुई दाबावी लागते," चाचा म्हणाले. पाऊण तास आम्ही बोललो. शेवटी काना त्यांचा, मात्रा त्यांची, वेलांटी माझी म्हणजे फुकट, आणि अनुस्वार प्रत्येकी एक माफ, असं ठरलं. दुपारचं जेवण माझ्याकडं.

पहिला गिलास प्राचार्यांचा. साध्या नावावर त्यांचं भागेना. आधी डॉक्टर, मग नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मग दोन पदव्या, मग प्राचार्य. मजकूर गिलासाला वळसा घालून जिथून सुरू झाला तिथं परत आला. चाचांचा चेहरा खुलला होता. इतकं लांब गिऱ्हाईक त्यांना वर्षात मिळालं नसेल.

मंडळानं नियम केला: सापडलेला गिलास कॅन्टीनच्या दारातल्या सुतळीला, नाव बाहेरच्या बाजूला करून टांगायचा. मालकानं सगळ्यांसमोर येऊन सोडवायचा. पहिल्या आठवड्यात अकरा लटकले. टाळ्या वाजायच्या, शिट्ट्या वाजायच्या. एका पहिलवान पोराचा लटकला, तर तो दोन दिवस चहालाच आला नाही. तिसऱ्या आठवड्यापासून सुतळी रिकामी. पोरं एका गिलासातला चहा तिघांच्या गिलासात ओतून प्यायची, आणि ओढणीला, बनियनला पुसून गिलास दप्तरात टाकायची. पाण्याचा प्रश्न त्यांनीच असा सोडवला. तो मी फार जवळून बघितला नाही.

समितीच्या दिवशी उजाडताच मी स्वतः आवारभर फिरले. कागदाचा कपटा नाही. ग्रंथालयामागच्या लिंबाखाली मात्र एक गिलास. तळाशी वाळलेली चहापत्ती, त्यावर मुंग्या. उचलला, फिरवला. वाचायला पूर्ण एक फेरी लागली. डॉक्टरपासून प्राचार्यापर्यंत सगळं होतं.

मी तो पदराखाली घातला. आनंद झाला, हे कबूल करते. फाटकाबाहेर जायची गोष्ट निघाली, की हा टेबलावर ठेवायचा आणि मग बोलायचं. वाक्यं मी दिवसभर मनात घोळवली.

समिती फिरली, काही सापडलं नाही, त्यांनी माझ्याकडचा चहाही घेतला. संध्याकाळी मी ऑफिसात गेले. प्राचार्यांनी मान वर केली आणि एक कागद पुढं सरकवला. कॅन्टीन आतच, आणखी तीन वर्षं. सहीखाली वेळ सकाळची होती, समिती यायच्याही आधीची.

माझ्या सगळ्या वाक्यांची माती झाली. भांडायला आलेल्या माणसाला असं आधीच देऊन टाकणं, हा कसला व्यवहार? कागद मी घेतला, आणि तरीही गिलास टेबलावर ठेवला.

त्यांनी बघितला. चेहरा पडला. "कुठं होता?"

"लिंबाखाली. नियमाप्रमाणं उद्या सुतळीला."

"मावशी, हे…"

"नाही तर सभागृहात माझ्याबद्दलचा तो शब्द परत घ्या. गिलास आत्ता ठेवून घ्या."

प्राचार्यांनी गिलास फिरवून आपलं नाव शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "टांगा."

मी इतकी वर्षं भाव करतेय, पण असा माणूस बघितला नव्हता. मी म्हणाले, "दोन दिवस."

"एक तास."

"एक दिवस. यापेक्षा खाली येणार नाही."

"मधली सुट्टी. वीस मिनिटं. मी स्वतः येऊन सोडवतो."

स्वतः येऊन म्हणाले, त्यात मी हलले आणि हो म्हणून बसले. दुसऱ्या दिवशी ते आले, रांगेत उभे राहिले, टाळ्या घेतल्या, गिलास सोडवला आणि त्यातच चहा मागितला. पोरं त्यांच्यावर अशी खूश झाली, की वर्षभर दुसरं काही बोलत नव्हती.

एक दिवसावर मी अडून बसायला हवं होतं.