दाबाचा काटा

कागदाच्या गिरणीवर जगणाऱ्या, अमेरिकेच्या विस्कॉन्सिनमधल्या त्या गावातल्या हायस्कूलमध्ये माणसाची ओळख मजल्यावरून होत असे. वर लॅटिन, भूमिती, रसायनशास्त्र आणि कॉलेजात जाणारी मुले. तळघरात सुतारकाम, लेथ, टंकलेखन आणि अगदी टोकाला, बॉयलरच्या भिंतीला लागून, गृहशास्त्राचे स्वयंपाकघर. वरचे शिक्षक खाली उतरत ते जेवण असेल तेव्हाच.

इर्मा श्राडर तळघरातली, गृहशास्त्राची शिक्षिका. विस्कॉन्सिनच्याच एका गोठेवाल्याची ही मुलगी शाळेत लॅटिनमध्ये पहिली यायची. पण घरातून कॉलेजात एकालाच पाठवायचे होते आणि तो मान भावाला मिळाला. तिच्या वाट्याला गृहशास्त्राचा छोटा अभ्यासक्रम आला. लग्न झाले नाही. ज्या मुलींना तिने पाव भाजायला शिकवले, त्यांच्या मुली आता तिच्याकडे शिकत होत्या. तिच्या स्वयंपाकघराचा एक नियम गावभर माहीत होता: जो वाढणार, त्याने आधी स्वतः चाखायचे.

इतक्या वर्षांत वरच्या मजल्यावरून कुणी तिचे दार वाजवले नव्हते. म्हणून गेल्या हिवाळ्यात विज्ञानाचे प्रुइट सर दारात उभे राहिले, तेव्हा ती ॲप्रनला हात पुसत जवळजवळ धावलीच. जंतूंच्या प्रयोगासाठी काचेची भांडी वाफेवर शुद्ध करायची होती, आणि तेवढा मोठा कुकर शाळेत तिच्याकडेच होता. भाज्या बरण्यांत भरून, कुकरात शिजवून हवाबंद करायच्या हंगामाला अवकाश होता. तिने आनंदाने दिला.

उन्हाळ्यात कुकर लखलखीत होऊन परत आला. दाब दाखवणारी तबकडी नवी होती. जुनी प्रयोगात फुटली, सरांनी सांगितले. ही नीट बसवून, तपासून दिली आहे.

दरवर्षी बरण्या भरण्याआधी ती कुकरची तबकडी जिल्ह्याच्या शेतकी कचेरीत तपासून आणायची. या वर्षी गेली नाही. विज्ञानाच्या माणसाने तपासलेली वस्तू पुन्हा तपासायची म्हणजे त्याचा अपमानच की, असे तिला वाटले. सप्टेंबरात मुलींनी फरसबी निवडली, बरण्यांत भरली. काटा दहा पौंडांच्या दाबावर स्थिर ठेवून इर्माने एकेक घाणा काढला.

नोव्हेंबरात सुगीचे जेवण असायचे. खालच्या विभागाने रांधायचे, वरच्या विभागाने आणि शाळामंडळाच्या सभासदांनी जेवायचे. या वर्षी मुख्याध्यापक हाल्वर्सन तिला बाजूला घेऊन स्पष्टच बोलले. रसायनाच्या प्रयोगशाळेला जागा पुरत नाही, मंडळाचा डोळा तुमच्या स्वयंपाकघरावर आहे, आणि मत जेवणानंतर पडणार. मग हसत म्हणाले, "असं जेवू घाला बाई, की विरुद्ध हात वर करायला जड गेलं पाहिजे."

त्या दुपारी व्हिनेगर-साखरेतली फरसबीची कोशिंबीर मोठ्या काचपात्रांत तयार होती. गरम भाजी असती तर एका दणदणीत उकळीने बरणीतला काही दोष असता तरी गेला असता. पण सुगीच्या जेवणात ही कोशिंबीर थंडच वाढायची रीत. बरण्यांची झाकणे घट्ट होती, पाणी नितळ, रंग हिरवागार. नियमाप्रमाणे इर्माने चमचाभर चाखली. उत्तम झाली होती. मुलींना चाखायला बोलवणार, तोच प्रुइट सर आत आले आणि सरळ काचपात्रातून बोटांनी शेंगा उचलून खाऊ लागले.

"वा, श्राडरबाई. जागा गेली तरी हे बंद करू नका हं," ते म्हणाले. मग कुकरकडे हनुवटी करून विचारले, "आमच्या तबकडीनं त्रास नाही ना दिला?"

"त्रास कसला? काटा दहावर ठेवला की झालं."

"म्हणजे पंधरावर?"

"दहावर, सर."

प्रुइट सरांचे चावणे मंदावले. "ती पाचनं जास्त दाखवते. मनातल्या मनात पाच वजा करायचे, आम्ही तसंच करायचो वर. सांगितलं होतं ना मी?"

त्यांनी ते सांगितले नव्हते. आणि तिने विचारले नव्हते.

कमी दाबावर शिजलेली फरसबी बरणीत बंद राहिली की तिच्यात विष धरू शकते, हे ती दर सप्टेंबरात मुलींना शिकवायची. वास येईलच असे नाही, चव बदलेलच असे नाही. दिवसभराने नजर फुटते, एकाचे दोन दिसू लागतात. मग गिळता येत नाही. मग श्वास.

तिने मुलींना हात धुवायला लावून घरी पाठवले. प्रुइट सरांना म्हणाली की आपण दोघांनी आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जायचे. ते हसले. "अहो, जंतू मी शिकवतो. चार शेंगांनी काय होतंय?"

हाल्वर्सनही खाली आले. दोन शिक्षक दोन गोष्टी सांगतात, मी कुणाचं ऐकू, असे त्यांनी विचारले. इर्माने काचपात्रे कपडे उकळायच्या हंड्यात रिकामी केली, वर कॉस्टिक सोडा ओतला आणि आच मोठी केली. राहिलेल्या बरण्याही त्याच वाटेने गेल्या.

जेवण कोशिंबिरीविना झाले. आपल्याच बरणीवर भरवसा नसलेला विभाग शाळेने कशाला पोसायचा, असे मंडळातला एक सभासद भर पंगतीत म्हणाला आणि टेबल हसले. डॉक्टर मलोनींनी फोनवर सांगितले की चमचाभरच खाल्ले आहे, कदाचित काहीच होणार नाही. पण डोळ्यांत जरा फरक वाटला तर क्षणभर थांबू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाल्वर्सननी निकाल सांगितला. जागा प्रयोगशाळेला गेली. इर्माने मान हलवली. घसा पहाटेपासून कोरडा होता. झोप नाही म्हणून असेल, असे ती स्वतःला सांगत होती. कुकर तिने समोरच्या टेबलावर ठेवला होता आणि राहून राहून तबकडीकडे बघत होती. काटा एकच होता.

दुपारी प्रुइट सर जागा मोजायला आले. त्यांनी भिंतीला टेप लावली, सोडली, पुन्हा लावली. चष्मा काढून पुसला. परत पुसला.

"बाई, ही टेप बदलायला झालीय. आकडे एकमेकांवर चढलेत."

इर्मा उठली. कुकर उचलून तिने त्यांच्यासमोर धरला.

"सर, या तबकडीत काटे किती आहेत?"

ते हसायला गेले. मग वाकून बघत राहिले, खूप वेळ. त्यांनी आवंढा गिळला, आणि तो गिळायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

"एकच असणार," ते हळू म्हणाले. "एकच असतो ना?"

तिने त्यांना खुर्चीवर बसवले आणि भिंतीवरच्या फोनवरून डॉक्टरांचा नंबर मागितला. पलीकडे घंटा वाजत राहिली. कुकर टेबलावर तसाच होता. तिने तिथूनच तबकडीकडे पाहिले. काट्याच्या कडेला, अगदी त्याला चिकटून, दुसरी एक अंधूक रेघ उगवत होती.