वरच्या मजल्याच्या सळया

नागपूर स्टेशनावर गाडी हलली तेव्हा बाबांनी माझ्या खिडकीचे गज धरले होते. फलाट संपत आला तरी ते सोडेनात. आई मागून ओरडत होती, "सोडा ना जी, पडसान!" बाबा गाडीबरोबर चालत एकच विचारत होते, "दोन वर्षानं येशीन ना गा?" मी मान हलवली. मी तेवीस वर्षांचा होतो, पश्चिम जर्मनीतल्या एका कारखान्यात फिटर म्हणून निघालो होतो, आणि त्या घाईत मी कशालाही मान हलवली असती.

त्या मानेवर विसंबून बाबांनी घर बांधलं. जन्मभर कापडगिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते. निवृत्त झाल्यावर नागपुरातल्या नंदनवन वस्तीतल्या प्लॉटवर खालचा मजला उठवला आणि गच्चीच्या चारही कोपऱ्यांत कॉलमच्या सळया हातभर बाहेर ठेवल्या. वरचा मजला माझा. तसं त्यांनी मला कधी लिहिलं नाही. पत्रात आईची सांधेदुखी, नळाची वेळ, कोणाचं लग्न, सगळं यायचं आणि शेवटी दर वर्षी एक ओळ असायची: "पावसाळ्याआधी सळयांना सिमेंटचं पाणी मारलं." गंज चढू नये म्हणून मारतात ते. ती ओळ वाचली की मी पत्र घडी करून ठेवायचो आणि उगाच बाहेर चक्कर मारून यायचो.

दोनाची अकरा वर्षं झाली. मधे लग्न झालं, संसार तिथेच थाटला. मुलगी तिथल्या शाळेत जाऊ लागली, बाहुलीशी जर्मनमध्ये भांडू लागली. मला परत जायचं नव्हतं. हे वाक्य आज सहज लिहिलं. तेव्हा मनातल्या मनात म्हणायचीसुद्धा हिंमत नव्हती. मग मी भित्र्या माणसाची युक्ती केली. बाबांना विमानाचं तिकीट पाठवलं. म्हटलं, येतील, बघतील, आपोआप समजतील, मला तोंड उघडावं लागणार नाही. तुमच्यापैकी जे बाहेर गेले त्यांनी असलं काही केलं नाही, हे मला सांगू नका.

बाबा प्रश्न सोबत घेऊनच आले. दुसऱ्याच दिवशी चहा पिताना म्हणाले, "मिस्त्री म्हणते, सळया गंजून राहिल्या. मजला चढवायचा असन तर चढवा, नाही तर कापून टाका. काय सांगू त्याले?"

"बघू ना बाबा. तीन आठवडे आहात ना."

त्यानंतर तीन आठवडे मी त्यांना बसू दिलं नाही. ट्राम, नदी, चर्चचा मनोरा, प्राणिसंग्रहालय, पुन्हा नदी. ते म्हणायचे, "थांब ना गा थोडा, काहून पळवून राहिला?" मी थांबत नव्हतो. बाकावर बसलो की ते विचारणार, ही धास्ती होती.

शेवटच्या शनिवारी त्यांना फुटबॉलच्या मॅचला नेलं. बाबांना फुटबॉलचं भारी वेड. तरुणपणी गिरणीच्या टीममधून अनवाणी खेळलेले. मी लहान असताना मला सायकलच्या दांड्यावर बसवून कामठीला मॅच दाखवायला न्यायचे आणि कडेला उभं राहून दोन्ही टीमला सारख्या शिव्या द्यायचे. मी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून गप्प उभा असायचो.

इथल्या स्टेडियममध्ये आईनं विणलेला स्वेटर, वर माझा जुना ओव्हरकोट, डोक्याला कानटोपी, असे ते पायऱ्यांवरच्या गर्दीत शिरले. मैदान दिसलं तसे जागीच थांबले. "एवढं गवत, अन् एक गाय नाही!" मी सांगितलं, पिवळे आपले, पांढरे पाहुणे. बाबा तत्काळ पांढऱ्यांचे झाले. "लेकाचे एवढ्या दूरून आले. त्यायच्याकडून कोणी नको का?" आणि सगळ्या पिवळ्या मफलरींच्या मध्ये उभं राहून ओरडू लागले, "दाब गा, दाब!" आजूबाजूचे हसले. कोणीतरी त्यांच्या हातात गरम सॉसेजचा पाव दिला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा माझा जीव जरा भांड्यात पडला.

मॅच संपायला दहाएक मिनिटं असताना पिवळ्यांनी गोल केला.

"तोऽऽर!" मी ओरडलो. गोल झाला की तिथे असंच ओरडतात. शेजारच्या अनोळखी जाड्या माणसाला मिठी मारली, त्यानं मला उचललं, सगळ्यांनी त्यांचं गाणं सुरू केलं आणि मीही ते म्हटलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. गाणं संपल्यावर आठवलं, बाबा सोबत आहेत.

रेटारेटीत ते दोन पायऱ्या खाली गेले होते. कानटोपी पडली होती. दोन्ही हातांनी कठड्याचा गज धरून उभे होते आणि मैदानाकडे पाठ करून माझ्याकडे बघत होते. मी धावत खाली गेलो, टोपी शोधून दिली. त्यांनी ती झटकली.

"केवढ्यानं ओरडतं गा तू," ते म्हणाले. "कामठीले कधी ओरडला नाही." मग माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, पिवळ्यांच्या गोलाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना ट्राममध्ये आम्ही शेजारी बसलो. मी प्रश्नाची वाट पाहत होतो. आला नाही. रविवारी नाही, सोमवारीही नाही. ज्याच्यापासून तीन आठवडे पळालो त्या प्रश्नाच्या मागे आता मीच फिरत होतो. शेवटी विमानतळावर म्हणालो, "बाबा, त्या सळया..."

"ते मी पाहून घेतो. पोरीले मराठी शिकव." आणि गेले. या वेळी त्यांनी काही धरून ठेवलं नाही.

मला हलकं वाटायला हवं होतं. तेच तर हवं होतं ना? पण कारखान्यात पाना हातात घेऊन मी नुसता उभा राहायचो. त्यांचं पत्र आलं. सांधेदुखी होती, नळ होता, सळयांची ओळ नव्हती. पुढच्या पावसाळ्याआधीही नव्हती. मला ती ओळ परत हवी होती.

दीड वर्षानं नागपूरला गेलो. आईनं दिलेलं पाणी न पिताच गच्चीवर चढलो. सळया कापलेल्या नव्हत्या. चारही कोपऱ्यांत त्या खाली वाकवून स्लॅबला टेकवल्या होत्या आणि त्यांच्यावर सिमेंटचा ताजा हात होता. बाबा मागून धापा टाकत आले.

"मिस्त्री कापतोच म्हणे. मी म्हटलं, वाकव. वाकवलेली सरळ करता येते."

 मी कठड्याकडे तोंड करून रडलो आणि ते वाळत घातलेले कपडे काढू लागले.

आता आई-बाबा दोघंही नाहीत. मी तिकडेच आहे, रिटायर झालो आहे. एकाआड एक वर्ष येतो आणि पहिल्याच सकाळी बादलीत सिमेंट कालवून, ब्रश घेऊन वर जातो. शेजारी विचारतात, बांधता का मग? मी म्हणतो, बघू. घर कुठलं, असं कोणी विचारलं तर तिथल्या स्वयंपाकघरात बसून मी या गच्चीचं नाव घेतो आणि या गच्चीवर उभं राहून तिथल्या स्टेडियममधल्या पिवळ्या मफलरींची आठवण काढतो.

गेल्या खेपेला एका सळईवर पाइप चढवून जोर लावला. वाटलं होतं, इतक्या वर्षांनी मोडेल. ती उठली. वीतभर उठली आणि मीच घाबरून पाइप काढून घेतला. परत खाली दाबायचं धाडस झालं नाही. ती आता तशीच आहे, अर्धी उठलेली.