रेकॉर्डिंग एकदाच वाजेल

एकदा परीक्षा दिली की मार्कशीट मिळते. तीनदा दिली की किस्से मिळतात. माझ्याकडे आता इतके साठलेत की चिंचणीच्या एसटी स्टॉपवर कोणी नुसतं ‘काय गं, कसं चाललंय?’ म्हटलं तरी मी सुरू होते आणि विचारणाऱ्याची बस निघून जाते.

परीक्षा म्हणजे आमच्या कॉलेजची इंग्रजी प्रोफिशियन्सी. एक पेपर ऐकण्याचा, एक वाचण्याचा. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी होऊन वर्ष झालं, पण या एका सर्टिफिकेटपायी बोईसरच्या एका कंपनीच्या लॅबमधली माझी जागा अडून आहे. तिथल्या साहेबांनी शेवटचं सांगितलंय, ‘महिनाअखेरपर्यंत आण, नाहीतर दुसरी मुलगी बघतो.’ वाचण्याचा पेपर मी पहिल्याच झटक्यात काढला. ऐकण्याच्या पेपरात दोनदा आपटले. तिसऱ्यांदा देऊन आलेय, रिझल्ट यायचाय, आणि तो फोनवरच येणार. म्हणून फोन चिकूच्या टोपलीखाली ठेवून लिहायला बसलेय.

*

मी दचकते, हे आधीच सांगायला हवं. वाडीत चिकू पडला तरी दचकते, आणि आमच्या वाडीत चिकू पडतच असतात.

पहिल्या परीक्षेला सुपरवायझर म्हणाले, “रेकॉर्डिंग एकदाच वाजेल. बीप झालं की सुरू.” मी पेन्सिल घट्ट धरून बीपची वाट बघत बसले. बीप होणार हे माहीत होतं. तरी ते झालं तेव्हा मी अशी उडाले की पेन्सिल हातातून सुटली आणि घरंगळत पुढच्या बाकाखाली गेली. ती परत मिळेपर्यंत रेकॉर्डिंगमधली बाई लायब्ररीतून निघून बसस्टॉपवर पोचली होती. ती लायब्ररीत कशाला गेली होती, यावरच सगळे प्रश्न.

पेन्सिल शोधून दिली पुढच्या बाकावरच्या मुलीने. ती पूजा. बोईसरला भाड्याच्या खोलीत राहते, वडील एमआयडीसीत शिफ्टला जातात. बाहेर आल्यावर तिने मला खालीवर बघितलं. “तू हमेशा ऐसे ही उछलती है?”

मी म्हटलं, हो.

“चलो, तेरे पीछे बैठने वाले को नींद तो नहीं आएगी.”

रिझल्ट लागला तेव्हा ऐकण्यात मी बऱ्याच मार्कांनी राहिले होते. पूजा दोन मार्कांनी. पेन्सिल शोधायला ती वाकली तेवढ्यात तिचे दोन प्रश्न निसटले होते. हे तिने कधीच बोलून दाखवलं नाही. माझं मीच जुळवलं.

*

तेव्हापासून आमचं त्रिकूट झालं. तिसरी हर्षला, माझी शाळेपासूनची मैत्रीण, चिंचणीचीच. घरची मासेमारीची बोट आहे. पहिल्या परीक्षेला ती आलीच नव्हती. “आमची बोट त्या दिवशी लागली, मावरा कोण निवडील?” असं तिने कॉलेजला लेखी कळवलं होतं. कॉलेजने ‘गैरहजर’ लिहिलं.

शिकवायला पाम गावच्या मॅडम. शाळेतून रिटायर झालेल्या, आवाज अजून वर्गातलाच. आठवड्यातून तीनदा दुपारी चारला आम्ही त्यांच्या पडवीत. माझं दचकणं त्यांनी आजारासारखं हाती घेतलं. “सवय लावायची,” म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरातून स्टीलची वाटी आणि चमचा घेऊन आल्या. कधीही, न सांगता, वाटीवर ‘टण्’. टण् झालं की मी हलायचं नाही. पेन्सिल कागदावर टेकवायची आणि मनात तीन प्रश्न विचारायचे. कोण बोलतंय? कुठून बोलतंय? त्याला काय हवंय?

तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकी पदर सावरत आल्या आणि ओंजळ पुढे करून उभ्या राहिल्या. “रोज आरती करता, एकदा तरी प्रसादाला हाक मारा.”

मॅडमनी त्यांच्या हातावर साखर ठेवली. पुढच्या वेळेपासून काकी बरोब्बर चारला येऊन बसायला लागल्या. त्यांचं इंग्रजी आता पुष्कळ सुधारलंय, असं त्या सगळ्यांना सांगतात.

*

सवय लागली. नको तिथेही लागली.

बोईसरहून चिंचणीच्या एसटीत कंडक्टरने घंटी मारली, आणि मी पर्समधून पेन्सिल काढून तिकिटाच्या मागच्या बाजूवर टेकवून ताठ बसले. मला कळलंही नाही. शेजारची बाई मात्र कळून थोडी सरकली.

कंडक्टरने पुढे जाताना बघितलं, मागे येताना पुन्हा बघितलं. पुढच्या स्टॉपला घंटी मारायच्या आधी वाकून हळूच विचारलं, “ताई, मारू का? झालं लिहून?”

*

हर्षलाची आई, म्हणजे आमची मावशी, अंगणात बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. आम्ही बाजूला बसून फोनवर सरावाचं रेकॉर्डिंग लावलेलं. एक माणूस हॉटेलच्या काउंटरवर खोलीबद्दल काहीतरी बोलत होता. प्रश्न होता, या गिऱ्हाइकाला काय वाटतंय? चार पर्याय. मी म्हटलं तो खूश आहे, कारण थँक्यू दोनदा म्हणाला. हर्षला म्हणाली दमलाय. पूजा म्हणाली घाईत आहे.

मावशीने बोंबलाचे जबडे एकमेकांत अडकवता अडकवता मान वर केली. इंग्रजीचं एक अक्षर तिला येत नाही.

“त्याला राग आलाय,” म्हणाली. “पण दाखवीत नाय.”

सरावाच्या पुस्तकात मागे उत्तरं बघितली. चौथा पर्याय. तो रागावलेला आहे पण सभ्यपणे बोलतोय.

“आय, तुला काय कळलं त्यातलं?” हर्षलाने विचारलं.

“त्यात काय कळायचं हाय? आमी किनाऱ्यावर बसून मशीनच्या आवाजावरून सांगतो कोणाची बोट येते, भरून येते का रिकामी येते. माणूस तर तोंडाने बोलतोय.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तू गो, आयकायच्या आधीच घाबरतेस. बोट दिसायच्या आधीच रडाया बसल्यावर मशीन कसं आयकू येईल?”

मी ते वहीत लिहून ठेवलं. मॅडमच्या सगळ्या टिप्सच्या वर.

*

दुसरी परीक्षा. त्यासाठी एक गोष्ट माहीत असायला हवी. आमच्याकडे, केमिकल कंपन्यांच्या बोईसर-तारापूर पट्ट्यात, मोठा आवाज आला की लोक तो कसला हे आधी विचारत नाहीत. आधी आपापली माणसं मोजतात. कोण फर्स्ट शिफ्टला, कोण सेकंडला, कोण सुट्टीवर. मग फोन. “कुठेयस?” “आहे.” ठेवला. एवढंच बोलणं. आमची वाडी कंपन्यांपासून लांब, घरातलं कोणी तिथे कामाला नाही, तरी बाबांचाही फोन येतोच. “आहेस?” “आहे.”

तर बीप झालं, मी दचकले नाही, पेन्सिल कागदावर, सगळं छान. चौथ्या प्रश्नाला बाहेर ‘धाड’ असा आवाज झाला. मीच सगळ्यात आधी उठले. माझ्यामागे अर्धा हॉल उठला. फोन बाहेर बॅगांमध्ये, त्यामुळे सगळे दाराकडे.

सुपरवायझर त्या वेळी मुंबईहून आलेल्या एक बाई होत्या. “अहो बसा, ट्रकचा टायर फुटलाय,” त्या म्हणाल्या. त्यांना खिडकीतून दिसतच होतं.

पूजा दारातून म्हणाली, “मॅडम, टायर है, ये फोन करने के बाद पता चलता है.”

तिचे वडील फर्स्ट शिफ्टला होते. “हूँ,” म्हणाले, म्हणजे आहे. ती परत येऊन बसली तोवर रेकॉर्डिंग संपलं होतं. तिघी नापास. त्यानंतरच मला लॅबच्या साहेबांचा तो शेवटचा फोन आला, वर सांगितलाय तो.

*

मधल्या काळात वाचण्याचाही सराव चालायचा. माझा तो पेपर निघाला होता, पण त्या दोघींचा राहिला होता. मॅडमचं म्हणणं, पुस्तकातले उतारे कशाला, दिसेल ते वाचा. पाटी, पिशवी, औषधाचं खोकं. त्यामुळे पूजा शिफ्टच्या बसवरच्या सूचना वाचून यायची आणि हर्षला बोटीच्या मशीनचं माहितीपत्रक.

एकदा चहा पिता पिता मॅडम म्हणाल्या, “आता इथलंच काहीतरी वाचा.” पूजाने इकडेतिकडे बघितलं. पडवीच्या कोपऱ्यात निळा प्लास्टिकचा पिंप होता, पिण्याच्या पाण्याचा. असे पिंप आमच्याकडे घरोघर असतात. कुठल्यातरी कंपनीतून केमिकलचे रिकामे निघालेले, लोक धुऊन घेतात आणि पाणी भरतात. त्याच्या भिंतीकडच्या बाजूला जुनं लेबल होतं. बरंचसं उडालेलं. पूजाने पिंप थोडा फिरवला, मोठ्याने वाचलं आणि मग परीक्षेतल्यासारखा प्रश्नही तिनेच इंग्रजीत केला. “या भांड्याचं काय करू नये असं लेखक सांगतो?”

उत्तर एका ओळीत होतं. हे भांडं पुन्हा वापरू नये.

आम्ही तिघींनी कप खाली ठेवले. माझा अर्धा पिऊन झाला होता. काकींनी साखरेची चिमूट तोंडापाशी धरून ठेवली होती, ती तशीच राहिली.

मॅडमनी वाकून लेबल स्वतः वाचलं. “अकरा वर्षं,” म्हणाल्या. “अकरा वर्षं मी याच्या बाजूला बसून रीडिंग शिकवते.”

त्या रात्री मी पोट धरून वाट बघत बसले. काही झालं नाही. मॅडमनी दुसऱ्या दिवशी मातीचा माठ आणला. पिंप काकी मागत होत्या, त्यांना दिला नाही.

*

आणि ही तिसरी, गेल्या आठवड्यातली. सेंटर बोईसरलाच, एमआयडीसीच्या रस्त्यावर. सुपरवायझर त्याच मुंबईच्या बाई. पूजा माझ्या पुढे, हर्षला खिडकीशी.

बीप झालं. पेन्सिल कागदावर. कोण बोलतंय, कुठून बोलतंय, काय हवंय.

दहाव्या प्रश्नाला बाहेर भोंगा सुरू झाला. शिफ्टचा नाही, शिफ्टचा आम्ही सगळे ओळखतो. हा चढत-उतरत वाजणारा, धोक्याचा. हॉल एका क्षणात रिकामा. बाकं सरकली, बॅगा उलट्यापालट्या झाल्या, “हॅलो, हॅलो” सुरू झालं. या वेळी सुपरवायझर बाईसुद्धा सगळ्यांबरोबर व्हरांड्यात पळाल्या.

मी उठले नाही. का ते मला अजून नीट सांगता येत नाही. पेन्सिल कागदावर होती. रेकॉर्डिंगमधला माणूस म्युझियमच्या वेळा सांगत होता आणि मी त्या लिहीत होते. एवढ्यात रस्त्यावरून जीप गेली, तिच्या कर्ण्यातून कोणीतरी बोलत होतं. मी तेही मार्जिनमध्ये लिहिलं.

रेकॉर्डिंग संपलं. दारात सुपरवायझर बाई आल्या. “काय सांगतायत बाहेर? कोणाला काही कळलं का?”

मी मार्जिन वाचून दाखवलं. “जीपवाला बोलतोय. रस्त्यावरून. ही रंगीत तालीम आहे, घाबरू नये. तीनदा सांगितलं.”

व्हरांड्यात पूजाचा फोन अजून लागत नव्हता. मी खिडकीतून ओरडले, “ड्रिल आहे गं, ड्रिल!” ती खाली पायरीवरच बसली. मग तिचा फोन लागला. “हूँ,” पलीकडून आलं असावं, कारण तिने लगेच ठेवला.

सगळे परत येऊन बसले. बाईंनी माझा पेपर उचलून बघितला. सगळी उत्तरं भरलेली. बाकीच्यांचे नवाच्या पुढे कोरे.

“नियमाने रेकॉर्डिंग एकदाच,” त्या म्हणाल्या. “परीक्षा पुन्हा घ्यायची तर सगळ्यांची संमती लागेल, आणि सगळ्यांनाच नवा पेपर, नवं रेकॉर्डिंग. हिलाही. एकाची जरी हरकत असेल तर जे लिहिलंय तेच जमा करावं लागेल.” मग त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, “हरकत असेल तर हात वर कर.”

हर्षला खिडकीबाहेर बघत होती. पूजाने मागे वळून बघितलंच नाही. तिची मान मला दिसत होती, घामाने ओली.

मी दोन्ही हात बाकावर ठेवले.

बाईंनी माझा पेपर घेतला, आडवी रेघ मारली आणि नवा दिला. सगळ्यांना दिले. मशीनपाशी गेल्या.

बीप झालं.

पुढच्या बाकावर पूजा केवढी तरी दचकली. तिची पेन्सिल सुटून घरंगळत माझ्या पायाशी आली. मी ती चपलेने अडवली, उचलली, तिच्या खांद्यावरून पुढे दिली, आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं.