हवेतलं खोरं

नव्वदच्या दशकात मी हाताच्या इशाऱ्यावर चालणारी भिंत, म्हणजे प्रोजेक्टर, कॅमेरा आणि कॉम्प्युटर, जीपमध्ये घालून पुण्याहून निघालो. दोन वर्षं खपलो होतो त्यापायी. इंदापूरच्या शेतकरी केंद्राची समिती हो म्हणाली तर ती तिथं कायमची बसणार होती, नाहीतर बँकेची सॉफ्टवेअरं लिहायची नोकरी होतीच.

सासवड, जेजुरी, मोरगाव असा रस्ता. पहाटेच निघा, उसाची ट्रॉली पुढे लागली की संपलंच. दर खड्ड्याला मी मांडीवरच्या कॉम्प्युटरला मिठी मारत होतो. मोरगावची भजी मात्र गरम होती.

बारामतीजवळ जळोचीत शाळेच्या खोलीत तालीम घेतली. भिंतीवर शेताचं चित्र, वर कॅमेरा. हात डावीकडे नेला की पाणी डाव्या सरीत. अगदी नैसर्गिक, असं मी माहितीपत्रकात छापलंसुद्धा होतं. समितीसमोर ते करून दाखवायला गावातले तात्या आले, जन्मभर उसाला पाणी दिलेले.

"नुसता हात हलवला की पाणी वळतं व्हय?" तात्या म्हणाले. "मग आमी उगंच चिखलात उभं ऱ्हायलो."

आणि कमरेत वाकून दोन्ही हातांनी नसलेलं खोरं ओढू लागले! कॅमेऱ्याला दिसायचा फक्त खांद्याच्या उंचीवरचा हात. पाणी ढिम्म.

"तात्या, सरळ उभे राहा. हात वर!"

"वरनं पाणी कसं वळंल?"

डोकं फिरलं माझं. संध्याकाळपर्यंत त्यांना हात हलवायला शिकवत बसलो. रात्री भाकरी-पिठलं उत्तम होतं, पण मला काही गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी इंदापुरात समितीसमोर तात्यांनी शहाण्यासारखा हात हलवला. पाणी वळलं. मी सुस्कारा सोडतो तोच सरी भरली, पाणी पिकात घुसलं. तात्या सगळं विसरून झपकन वाकले आणि जीव तोडून खोरं ओढू लागले. भिंतीवरचं पीक बुडालं.

"उभे राहा!" मी चारचौघांत ओरडलो.

अध्यक्ष थंडपणे म्हणाले, "साहेब, त्यास्नी येतंय की. तुमच्या यंत्रालाच येत न्हाय."

नकार मिळाला. परतीच्या वाटेवर मी तात्यांवर धुमसत होतो. घरी आल्यावर चिडूनच कॅमेरा गुडघ्याशी उतरवला, दोन रात्री प्रोग्रॅम बदलला आणि त्यांच्यासारखं वाकून हात ओढले. पाणी मुकाट्यानं वळलं.

सोमवारी मी बँकेच्या कामावर रुजू झालो. तात्यांची माफी मागायची राहिली ती राहिलीच.